बायकोसाठी लीजवर सेडान घ्यायचीये, कुठली घेऊ?

प्रश्न : ताई नमस्कार. मी बाणेरला राहतो, हिंजवडीत एका कंपनीत आहे. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत आणि मिसेसला एक चांगली गाडी द्यायची मनात आहे. ती डेंटिस्ट आहे, प्रभात रोडला क्लिनिक आहे, गेली दहा वर्षं एकच छोटी हॅचबॅक चालवतीये आणि कधी तक्रार नाही केली. आमच्या कंपनीत कार लीज पॉलिसी आहे, पगारातून कापून घेतात, टॅक्स वाचतो असं सगळे म्हणतात. चार गाड्या काढल्यात, ऑडी ए४, मर्सिडीज सी २००, बीएमडब्ल्यूची नवी २ सिरीज ग्रॅन कूप आणि ३ सिरीजची लाँग व्हीलबेस. मला स्वतःला ३ सिरीज आवडलीये, २५८ एचपी आहे. सरप्राइज द्यायचंय म्हणून तिला काही बोललो नाहीये. तिची उंची पाच फूट एक इंच, कंबरदुखी आहे थोडी, दिवसभर वाकून काम असतं ना. सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. कुठली घेऊ? आणि लीज बरोबर आहे का?
एक वाचक, बाणेर

उत्तर : दादा, आधी मनापासून सांगते, पत्र वाचून खूप छान वाटलं. दहा वर्षं तक्रार न करता एक गाडी चालवणाऱ्या बाईला कोणीतरी चांगली गाडी द्यायचा विचार करतंय ही मोठी गोष्ट आहे. पण म्हणूनच पहिलं सांगणं हे की सरप्राइज नको. साडी बदलून आणता येते, दागिना मोडून दुसरा करता येतो, लीजची गाडी ४८ महिने बदलता येत नाही आणि मध्येच परत द्यायची म्हटलं तर फोरक्लोजरचे पैसे इतके बसतात की गाडीचा आनंद राहत नाही. सरप्राइजच हवं असेल तर एखाद्या रविवारी सकाळी तिला न सांगता शोरूमला घेऊन जा आणि म्हणा, यातली कुठली हवीये ती तू सांग. माझ्या मते ते जास्त मोठं सरप्राइज आहे.

तुमच्या अख्ख्या पत्रात २५८ एचपी आहे, पाच फूट एक इंच उंची आहे, कंबर आहे, पण तिला काय आवडतं ते कुठेच नाहीये. गाडी ती चालवणार, रोज, सकाळी क्लिनिकची वेळ गाठायची म्हणून. तेव्हा मी तुमच्या चारही गाड्या ड्रायव्हरच्या सीटवरून बघते, मागच्या सीटवरून नाही.

३ सिरीज लाँग व्हीलबेस आधी बाजूला काढते, तुम्हाला आवडलीये तरी. ही गाडी आपल्याकडे २०२१ मध्ये ग्रॅन लिमोझिन म्हणून आली, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २९६१ मिलीमीटर, आणि ते वाढवलंय ते मागे बसणाऱ्याचे पाय मोकळे राहावेत म्हणून. इंजिन अप्रतिम आहे, २ लिटर टर्बो, ८ स्पीडचा गिअरबॉक्स लोण्यासारखा, यात वाद नाही. पण तुमच्या मिसेस एकट्या चालवत जाणार, मागची सीट रिकामी. आणि लांब व्हीलबेसचा एक त्रास पुण्यात लगेच कळतो. गाडीचं पोट जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असलं तरी दोन चाकांमधलं अंतर जास्त असलं की स्पीडब्रेकरचं टोक मध्ये पोटाला लागायची शक्यता वाढते. आपल्याकडचे गल्लीतले स्पीडब्रेकर कोणी कुठल्या मापाने बांधलेत देव जाणे, इंडियन रोड्स काँग्रेसचं १० सेंटीमीटर उंचीचं आणि लांब गोलाईचं माप कागदावर आहे, रस्त्यावर मात्र डांबराचा नुसता उंचवटा असतो. बेसमेंटचा रॅम्प संपतो तिथेही हेच.

ऑडी ए४ शांत गाडी आहे, आतलं काम सुबक, बटणं जागच्या जागी, छत्रपती संभाजीनगरला जुळणी होते. २ लिटर, २०४ एचपी, पुढच्या चाकांना ताकद, ७ स्पीडचा ड्युअल क्लच (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. वाईट काहीच नाही. फक्त इथे दोन गोष्टी आड येतात, एक इंजिनचा आकार (त्याचं टॅक्सचं गणित खाली सांगते) आणि दुसरी तो ड्युअल क्लच. हा गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर फार मस्त चालतो, पण ट्रॅफिकमध्ये दोन फूट पुढे, थांबा, परत दोन फूट पुढे, असं चाललं की क्लच धरताना सोडताना बारीकसा धक्का जाणवतो. काहींना जाणवतच नाही. कंबरदुखी असलेल्या माणसाला रोज पाऊण तास तो धक्का मिळाला तर संध्याकाळी जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक इथे जास्त मऊ वागतो.

म्हणून राहिल्या दोन, सी २०० आणि २ सिरीज ग्रॅन कूप.

२ सिरीजची नवी पिढी जुलै २०२५ मध्ये आली, १५०० सीसीच्या आतलं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, १५६ एचपी. लांबी साधारण ४५४६ मिलीमीटर, म्हणजे सी-क्लासपेक्षा वीत भर कमी, आणि प्रभात रोडच्या गल्ल्यांमध्ये दोन झाडांच्या मध्ये गाडी लावायची तर ही वीत फार कामाची. दिसायला तरुण आहे. दारांना काचेची चौकट नाही, दार उघडलं की नुसती काच वर दिसते, सुंदर दिसतं, पण अरुंद पार्किंगमध्ये दार अर्धवट उघडून बाहेर पडताना ती काच चेहऱ्याजवळ येते, ती सवय करून घ्यावी लागते. गिअरबॉक्स ड्युअल क्लचच, ७ स्पीड. सस्पेन्शन जरा कडक. मागे डोक्याला जागा कमी, पण तुमच्याकडे तो मुद्दा मोठा नाही.

सी २०० मे २०२२ पासून आहे, १४९६ सीसी, २०४ एचपी, ४८ व्होल्टची छोटी मोटर मदतीला, ९ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर, ताकद मागच्या चाकांना. लांबी ४७५१, व्हीलबेस २८६५. चाकणला बनते. (मर्सिडीजने आपल्याकडे १९९४ मध्ये कंपनी काढली आणि १९९५ ला पिंपरीत टेल्कोच्या आवारात पहिली ई-क्लास जुळवली, चाकणचा कारखाना २००९ चा. पुण्यात राहून ही गाडी घेताना मला तरी त्याचं कौतुक वाटतं.) चालवायला मऊ, ट्रॅफिकमध्ये न दमवणारी, थांबून परत निघताना इंजिन चालू झालेलं कळत पण नाही. डिकीत मात्र स्टेपनी कुठे ठेवलीये ते उघडून बघा, ती वरच ठेवलेली असली तर चांगली अर्धी डिकी जाते, आणि मिसेस क्लिनिकचं सामान ने-आण करत असतील तर त्यांना हे आधी कळायला हवं.

माझं मत सी २००. तिची कंबर, तिचा रस्ता आणि तो गिअरबॉक्स, या तीन कारणांनी. पण हे मत तिने सीटवर बसेपर्यंतच धरा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी गाडी बघायची पद्धत वेगळी असते आणि शोरूमवाले ती दाखवत नाहीत, ते स्क्रीन आणि दिव्यांचे रंग दाखवतात. तिने सीट पूर्ण वर घ्यावी, मग पुढे घ्यावी, ब्रेक पूर्ण दाबून गुडघ्यात थोडा बाक राहतोय का बघावं, आणि मग स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत अंतर मोजावं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा सल्ला आहे की हे अंतर किमान १० इंच हवं, कारण एअरबॅग त्याच जागेत फुगते. कमी उंचीच्या बायका पेडलपर्यंत पोचायला सीट इतकी पुढे घेतात की हे अंतर सहा-सात इंचावर येतं आणि कोणी त्यांना सांगतच नाही. स्टिअरिंग आपल्याकडे ओढता येतं, ते ओढून सीट मागे घ्यायची. हे ज्या गाडीत जमेल ती गाडी, मग तिचं नाव काही असो. शिवाय मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांमध्ये पायाशी मधला उंचवटा (बोगदा म्हणतात त्याला) जाड असतो, डावा पाय ठेवायला जागा पुरतीये का तेही तिलाच कळेल, तुम्हाला नाही.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर नको. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. मंगळवारी सकाळी पावणेनऊला बाणेर रोडवरून निघा, विद्यापीठ चौक, सेनापती बापट रोड, लॉ कॉलेज रोड, प्रभात रोड, आणि क्लिनिकच्या गल्लीत तिलाच पार्क करू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि बोलू नका. परत आल्यावर स्वतःच्या सोसायटीच्या रॅम्पवरून गाडी खाली आणि वर. आणि स्टॅक पार्किंगच्या खांबावर पाटी असते, त्यावर लांबी रुंदी उंची वजन लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून शोरूमला न्या. उंचीच्या बाबतीत सेडानचा फायदा आहे, बऱ्याच सोसायट्यांत एसयूव्ही त्या ट्रेवर जातच नाही, पण ४७५१ ची गाडी तुमच्या ट्रेवर बसून मागचा बंपर बाहेर राहत नाहीये ना हे टेप लावून बघायचं. नाहीच बसली तर २ सिरीज, किंवा मर्सिडीजचीच ए-क्लास लिमोझिन, ४५४९ लांब, १३३२ सीसी, १६३ एचपी.

डिझेलचा कोणी आग्रह केला तर ऐकू नका. बाणेर ते प्रभात रोड दहाएक किलोमीटर, तेही थांबत थांबत, त्यात डिझेलचा, धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापत नाही, काजळी साठते, दिवा लागतो आणि मग कुणीतरी रविवारी गाडी मुद्दाम एक्सप्रेसवेला पळवून आणायची.

आता लीज. इथे जरा थांबून सांगते कारण तुमच्या ऑफिसमधले सगळे जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे.

कंपनीने लीजवर घेऊन दिलेली गाडी तुम्ही थोडी ऑफिसच्या कामाला आणि थोडी घरच्या कामाला वापरली, तर तुमच्या उत्पन्नात तिची किंमत ठरीव आणि छोटी धरतात. १९६२ च्या आयकर नियमांमधल्या नियम ३ प्रमाणे १.६ लिटरपर्यंत (म्हणजे १६०० सीसी) इंजिन असेल तर महिना १८००, त्याच्या वर असेल तर २४००, कंपनीचा ड्रायव्हर असेल तर आणखी ९००, असं वर्षानुवर्षं चाललं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे तेव्हा चालू आकडे तुमच्या पगारखात्याकडून लेखी घ्या, पण १.६ लिटरची रेघ डोक्यात ठेवून गाड्या बघा, सी २००, २ सिरीज, ए-क्लास तिन्ही रेघेच्या आत आहेत, ए४ आणि ३ सिरीज बाहेर.

पण हे सगळं गाडी मिश्र वापराची असेल तर. त्याच नियमात दुसरी ओळ आहे जी ऑफिसात कोणी वाचून दाखवत नाही. गाडी जर फक्त आणि फक्त कर्मचाऱ्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या खासगी कामाला वापरली, तर ठरीव छोटी रक्कम नाही, लीजचं अख्खं भाडं आणि वर चालवायचा खर्च, सगळं तुमचं उत्पन्न. घरच्यांनी गाडी वापरायला बंदी नाहीये, कुटुंबातल्या व्यक्तीचा उल्लेख नियमातच आहे. पण तुम्ही रोज दुसऱ्या गाडीने हिंजवडीला जाणार आणि ही गाडी रोज प्रभात रोडला क्लिनिकबाहेर उभी, तर हिला मिश्र वापराची म्हणणं खरं नाही दादा. बरेच जण म्हणतात. मी तुम्हाला तसं लिहून द्यायला सांगणार नाही, आणि तिच्या नावाची भेट अशा कागदावर उभी राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मग सरळ रस्ता काय, तर लीज तिच्या नावावर. ती स्वतः व्यावसायिक आहे, तिचं उत्पन्न आहे, रिटर्न आहे. क्लिनिकसाठी गाडी जेवढी वापरली जाते तेवढ्या प्रमाणात लीजचं भाडं तिच्या व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतं. एकच अट, ती जर प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने म्हणजे ज्याला सगळे ४४ एडीए म्हणतात त्या पद्धतीने जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवून रिटर्न भरत असेल, तर त्यात सगळा खर्च धरलेलाच असतो, भाडं वेगळं वजा होत नाही. त्यांच्या सीएला हा एकच प्रश्न विचारा, उत्तर पाच मिनिटांत मिळेल आणि लीज घ्यायचं का कर्ज काढून विकत घ्यायची हे त्या उत्तरावर ठरेल. वजा होत नसेल तर माझ्या मते लीजचा मोह सोडा, कर्ज काढा. जीएसटीचं कोणी आमिष दाखवलं तर तेही बाजूला ठेवा, लीजच्या भाड्यावर जीएसटी गाडीला लागतो त्याच दराने लागतो (या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के), आणि अशा प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी वळता करून घेणं) आपल्यासारख्यांना मिळत नाही.

भाडं कसं बनतं ते एकदा कागदावर मांडा म्हणजे कोटेशन वाचता येतं. समजा गाडी ६० लाखाची, ४८ महिन्यांनी तिची किंमत २४ लाख धरली, तर तुम्ही वापरून संपवता ३६ लाख, महिन्याला ७५ हजार झाले ते नुसते झिजेचे, त्यावर अडकलेल्या पैशाचं व्याज, त्यावर जीएसटी, आणि मग विमा, सर्व्हिसिंग जे काय जोडाल ते. शेवटची किंमत जास्त धरली की भाडं कमी दिसतं, पण शेवटी गाडी ठेवून घ्यायची म्हटलं तर तेवढे मोजावे लागतात. म्हणून दोन कोटेशन शेजारी ठेवताना नुसतं भाडं बघू नका, शेवटचा आकडा पण बघा.

किलोमीटर पण. रोजचे वीस, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२०, वर्षाला साडेसहा हजारसुद्धा नाही. त्यात दिवाळीला कोल्हापूर, मे महिन्यात कोकण, धरा नऊ-दहा हजार. विकणारा तुम्हाला लीजमध्ये वर्षाला वीस हजार किलोमीटरचा स्लॅब देईल कारण छापील तोच असतो. कमीचा मागा, भाडं उतरतं.

आरसी कोणाच्या नावावर हा प्रश्न फार महत्त्वाचा आणि तो शेवटी विचारतात. महाराष्ट्रात २० लाखाच्या वरची पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर असेल तर रोड टॅक्स १३ टक्के, कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. ६० लाखावर हा फरक ४ लाख २० हजाराचा, आणि तो गुपचूप तुमच्या भाड्यात येतो. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातल्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या आहे, लीजवरच्या गाडीत करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक धरतात, आणि लीज कंपनीचं नाव आरसीवर नोंदवलेलं राहतं. म्हणजे तिच्या नावावर एमएच १२ ची आरसी होऊ शकते. तीच मागा. परराज्यातल्या नंबरची गाडी स्वस्त म्हणून कोणी देऊ केली तर नको, बारा महिन्यांवर इथे राहिली की परत नोंदणी आलीच.

आणि आरसी तिच्या नावावर का हवी याचं दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे. गाडीच्या विम्यात १५ लाखाचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा असतो. आरसी तुमच्या नावावर आणि गाडी ती चालवतीये, तर तो तिला लागू नाही. आरसी कंपनीच्या नावावर असेल तर कोणालाच नाही. रोज गाडी चालवणारी बाईच विम्याबाहेर, असं किती घरांत असेल. आज तुमच्या जुन्या हॅचबॅकची आरसी पण काढून बघा दादा, ती तुमच्या नावावर असेल अशी मला शंका आहे.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. मी चार वर्षं एक गाडी लीजवर चालवली आणि परत देताना त्यांचा माणूस येऊन तासभर टॉर्च घेऊन फिरला, अलॉयवरचे ओरखडे, बंपरचा कोपरा, सीटवरचा डाग, आणि चाळीस-एक हजाराचं बिल हातात दिलं. त्यातला एक ओरखडा गाडी आली त्या दिवसापासूनचा होता. माझ्याकडे फोटो नव्हता. तुम्ही डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फोडायच्या आधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, चारही चाकं जवळून, आणि तो त्याच दिवशी लीज कंपनीला मेल करा. सामान्य झीज म्हणजे काय, किती इंचाचा ओरखडा चालतो, हे करारात लिहिलेलं असतं, नसेल तर लिहून घ्या. विम्यात रिटर्न टू इन्व्हॉइस (बिलाइतकी किंमत देणारं जोड कव्हर) घ्याच, कारण गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर विमा कंपनी घटलेली किंमत देते आणि लीजचा हिशेब त्यापेक्षा जास्त निघाला की वरचे पैसे तुमच्या गळ्यात.

डिसेंबरला अजून वेळ आहे. आधी सीए, मग टेप घेऊन पार्किंग, मग ती आणि मंगळवारची सकाळ. तिला २ सिरीज आवडली तर २ सिरीज घ्या, माझं मत विसरा.

प्रश्न : ताई, माझं जरा उलट आहे. मी कोथरूडला राहते, नोकरी करते, आमचे हे मागच्या वर्षी रिटायर झाले. आयुष्यभर स्कूटर आणि मग साधी गाडी. यांना मर्सिडीजची फार हौस, कधी बोलून दाखवत नाहीत पण रस्त्यात दिसली की मान वळते. माझ्या कंपनीतून लीजवर ए-क्लास सेडान घ्यावी असं मुलगा म्हणतो. यांच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. माझी अजून तीन वर्षं नोकरी आहे.
एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मान वळते हे तुम्ही बघितलंत, यातच सगळं आलं. पण गुडघे आहेत म्हणून जरा स्पष्ट बोलते. सेडानमध्ये माणूस खाली उतरून बसतो आणि वर चढून उठतो, गुडघेदुखीला हे उठणंच जड जातं, आणि ए-क्लास त्यातही बसकी. यांना शोरूमला न्या आणि गाडीत एकदा नाही, सलग पाच वेळा बसायला-उठायला सांगा. पहिल्यांदा हौसेपोटी काही जाणवणार नाही, पाचव्या वेळेला हात कुठे टेकवतायत ते बघा. दाराच्या चौकटीला धरून उठावं लागत असेल तर ही गाडी सहा महिन्यांनी पार्किंगमध्ये उभी राहील, आणि तुम्ही म्हणाल हौस केली, ते म्हणतील हो केली, आणि बाहेर जायला रिक्षा. सीट मांडीच्या उंचीला येते अशी, म्हणजे त्याच मर्सिडीजची थोडी उंच गाडी, जीएलए, बसवून बघा, तारा तोच आहे पुढे.

लीज मात्र तीन वर्षांच्या पुढचं नको. तुमची नोकरी संपली की कंपनीचं लीज संपतं, उरलेले हप्ते एकदम भरा किंवा गाडी घ्या असं येतं, आणि तेव्हा हातात रिटायरमेंटचे पैसे असतात त्यांना हात लागतो. तो नको लागायला. शिवाय वरच्या पत्रात लिहिलंय तेच तुम्हालाही आहे, गाडी फक्त हेच वापरणार असतील तर ती पूर्ण खासगी. तुम्ही त्याच गाडीने ऑफिसच्या कामाला जात असाल, आणि हे बाकीच्या वेळी वापरत असतील, तर हरकत नाही.

प्रश्न : सिंहगड रोडला नदीच्या बाजूला फ्लॅट आहे. मिस्टरांसाठी लीजवर सी २०० घेतोय, विमा लीज कंपनीच काढून देते म्हणाले. अजून काही बघू का?
एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : हो, बघाच. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा, आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत शिरलं तेव्हा, पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात गेलेली गाडी कोणी चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी जाऊन ते बसलं, तर ते इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड कव्हर असल्याशिवाय बहुतेक वेळा मिळत नाही. लीज कंपनीने काढलेल्या पॉलिसीची पहिली दोन पानं मागवा आणि त्यात इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप (बदललेल्या भागांची घट न कापणारं कव्हर) दोन्ही शब्द स्वतः शोधा, तोंडी हो म्हटलेलं धरू नका. ४८ व्होल्टची बॅटरी आणि त्याचं इलेक्ट्रिकल काम पाण्याने गेलं तर धरलंय का, तेही लेखी विचारा.

आणि पाणी आलेलं असताना मिस्टर खाली पार्किंगमध्ये धावत गेले, गाडी बाहेर काढायला, असं होऊ देऊ नका. गाडी लीजची आहे, विमा आहे. स्टार्टचं बटण दाबायचं नाही, सर्व्हिसवाल्यांना फोन करायचा, टो करून न्यायला सांगायचं, आणि जिन्यातून चार फोटो काढून ठेवायचे, पाणी चाकाच्या कुठपर्यंत आलं होतं ते दिसेल असे.